जागलीच्या दिवसांत पाहिलेला ‘डॉग सोल्जर्स’

दिवाळीच्या सुटीत नागपूरहून आलेल्या भाच्याने ‘डॉग सोल्जर्स’ हा ब्रिटिश भयपट लॅपटॉपवर आणला होता आणि तो आम्ही घरी न पाहता शेतावरच्या झोपडीत पाहिला, कारण त्या आठवड्यात जागलीची पाळी माझी होती. धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, आमच्या भागात, रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, उतरतात आणि जेवढे खातात त्याच्या कितीतरी पट लोळवून जातात. म्हणून कापणी होईपर्यंत घरातला कोणी ना कोणी रात्र शेतावर काढतो. शेजारच्या बांधीचे काकाजीही शेकोटीपाशी येऊन बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी जितक्या रात्री अंधारात बसून काढल्या आहेत तितक्या मी आणि भाच्याने मिळून काढलेल्या नाहीत, आणि या चित्रपटाबद्दल मला जे उमगले त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे. पुढे कथेचा शेवटही येणार आहे. ज्यांना तो आधी जाणून घ्यायचा नसेल त्यांनी चित्रपट पाहून मग हे वाचावे.

‘डॉग सोल्जर्स’ २००२ साली आला. नील मार्शल या दिग्दर्शकाचा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि त्याचे लेखन व संकलनही त्यानेच केले आहे. कथा स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात घडते, मात्र बहुतेक चित्रीकरण लक्झेंबर्गमध्ये झाले. सहा सैनिकांची एक तुकडी सरावासाठी जंगलात उतरवली जाते. सराव असल्यामुळे त्यांच्या बंदुकांत खोटी काडतुसे आहेत, आणि इंग्लंड-जर्मनी फुटबॉल सामना बुडाल्याचे दुःख त्यांना कामापेक्षा मोठे वाटते आहे. ज्यांच्याविरुद्ध सराव करायचा त्या विशेष दलाचा तळ त्यांना उद्ध्वस्त अवस्थेत सापडतो. सगळीकडे रक्त आहे, पण प्रेते नाहीत. एकटा कॅप्टन रायन जखमी होऊन पडलेला आहे, आणि तो जे बोलतो त्याचा अर्थ लावण्याआधीच झाडांमधून काहीतरी त्यांच्यावर चालून येते. मेगन नावाची एक प्राणिशास्त्रज्ञ त्यांना आपल्या गाडीत घेऊन एका एकाकी शेतघरात आणते आणि उरलेला चित्रपट त्या घराच्या चार भिंतींत, एका पौर्णिमेच्या रात्रीत घडतो. घरातली माणसे गायब आहेत, अन्न मात्र चुलीवर आहे. पावणेदोन तासांची ही गोष्ट इतकी साधी आहे.

झाडांमधून चालून येणारे ते काहीतरी म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारी माणसे, आणि हा प्रकार पाश्चात्त्य चित्रपटांत जुना आहे. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ने लांडगा होणाऱ्या माणसाला पडद्यावर पक्के रूप दिले आणि त्याला मारायला चांदीच हवी हा नियमही लोकप्रिय केला. १९८१ साली ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये रिक बेकर यांनी माणसाचा लांडगा होताना भर उजेडात दाखवला, हाडे लांबताना, कातडी ताणताना, हाताचा पंजा होताना. त्या कामाला रंगभूषेचे ऑस्कर मिळाले आणि हा स्वतंत्र पुरस्कार त्याच वर्षीपासून दिला जाऊ लागला. तेव्हापासून या प्रकारच्या प्रत्येक चित्रपटाला जणू एका परीक्षेला बसावे लागते, की तुमचा माणूस कसा बदलतो ते दाखवा. आपल्याकडेही १९९२ च्या ‘जुनून’मध्ये राहुल रॉय पौर्णिमेच्या रात्री वाघ होतो, आणि तो पाहिलेल्यांना कथेतले बाकी काही आठवो न आठवो, तो बदल आठवतो. नील मार्शलजवळ त्या परीक्षेला बसण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्याने ती दिलीच नाही. रायन बदलू लागतो तेव्हा त्याचे बहुतेक शरीर टेबलाआड जाते, आणि आपण पाहतो ते खोलीतल्या इतरांचे चेहरे.

हे टाळणे ज्यांना पळवाट वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी मला आमच्या रानाकडे यावे लागेल. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ अभयारण्याच्या हद्दीत बसून राहणारे वाघ नाहीत. ते गावांच्या, शेतांच्या, नाल्यांच्या लगत राहतात. असे असूनही गावातल्या बहुतेक माणसांनी वाघ मोजक्याच वेळा पाहिलेला असतो, काहींनी तर आयुष्यात एकदाही नाही. आम्हाला वाघ कळतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. माकड झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखे ओरडू लागते, चितळ एकाच सुरात पुन्हा पुन्हा हाक देते, गावाच्या दिशेने कुत्री भुंकतात आणि मग एकदम गप्प होतात. या सगळ्यांनी काहीतरी पाहिलेले असते आणि आपण ते पाहिलेले नसते. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला पहाटे रानात जाणाऱ्या बायका बोलता बोलता मध्येच थांबतात आणि कान देतात, ते थांबणे ज्याने पाहिले आहे त्याला ‘डॉग सोल्जर्स’चा पहिला अर्धा तास समजावून सांगावा लागत नाही.

चित्रपटाच्या अगदी आरंभी एक जोडपे तंबूत झोपलेले आहे. बाहेरून कोणीतरी तंबूची चेन सावकाश उघडतो. त्या दृश्यात त्या चेनेखेरीज पाहण्यासारखे काही नाही, आणि तेवढे पुरते. पुढे सैनिक जंगलातून पळत असताना लांडग्यांच्या नजरेतून दिसणारी दृश्ये कृष्णधवल आहेत, म्हणजे त्यांनी आपल्याला पाहिल्याचे आपल्याला समजते, पण आपण त्यांना पाहिलेले नसते. माकडाच्या हाकेत नेमके हेच असते.

काकाजींनी पहिल्यांदा तोंड उघडले ते गायीच्या प्रसंगाला. सैनिक शेकोटीभोवती बसले आहेत, सार्जंट वेल्स एका जुन्या सहकाऱ्याच्या मरणाची हकीकत सांगतो आहे, आणि अंधारातून एक फाडलेली गाय येऊन त्यांच्यामध्ये पडते. मी दचकलो, भाचा हसला, आणि काकाजींनी चित्र थांबवायला सांगितले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा बैल वाघाने मारला होता आणि पंचनामा होईपर्यंत त्यांनी त्याच्याजवळ अर्धा दिवस काढला होता. पडद्यावरच्या गायीकडे निरखून पाहत ते म्हणाले, “ही वाघानं नाई मारली, गुरुजी. वाघ मांगून खाते.” वाघ शिकार बहुधा पुठ्ठ्याकडून, म्हणजे मागच्या भागाकडून, खायला लागतो हे खरे आहे, आणि आमच्याकडे मेलेले जनावर पाहून ते कोणी मारले हे ओळखणे ही पोटापाण्याची गोष्ट आहे, कारण नुकसानभरपाई त्यावर अवलंबून असते. मला त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट दिसली. स्कॉटलंडमधल्या त्या गायीकडे सैनिकसुद्धा याच नजरेने पाहतात. जखमा तपासतात, हे कोणत्या जनावराचे काम असेल याचा अंदाज करतात आणि त्यांना उत्तर सापडत नाही. ज्या चित्रपटात माणसे हुशारीने विचार करतात आणि तरीही चुकतात, तिथे भीती खरी असते. मूर्ख माणसे मरताना पाहून कोणाला घाम फुटत नाही.

लांडग्यांच्या रूपाबद्दल आता थोडे सविस्तर. या चित्रपटात संगणकावर काढलेला लांडगा नाही. उंच, शिडशिडीत अंगाचे, दोन पायांवर चालणारे हे प्राणी म्हणजे पोशाखातली माणसे आहेत, ज्यांच्या डोक्याच्या जागी यंत्राने हलणारी लांडग्याची मुंडकी आहेत, आणि पायांना उंची देऊन त्यांना माणसापेक्षा मोठे केले आहे. पोशाखात उतरवण्यासाठी दिग्दर्शकाने नर्तक निवडले. ही निवड मला फार मोलाची वाटते. स्वयंपाकघराच्या दारात एक लांडगा वाकून आत येतो तेव्हा तो गुरगुरत धावून येत नाही; तो आपल्याच घरात आल्यासारखा, खांदे सावरत, मान किंचित तिरपी करून येतो. ते घर खरोखर त्याचेच असते, हे आपल्याला नंतर कळते. चेहरा फारसा हलत नसला तरी अंग बोलते.

हे पाहताना मला चौथीत असताना पाहिलेली एक दंडार, म्हणजे आमच्याकडचे नाचगाण्याचे लोकनाट्य, आठवली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरते, रात्रभर नाटके चालतात, आणि वडसा तर आज नाटक मंडळींचे गावच झाले आहे. त्या काळी आमच्या गावात मात्र दंडारीचाच जोर होता. त्या रात्री वाघाचे सोंग होते. तरटावर रंगाने पट्टे ओढलेले, शेपटी दोराची, आणि मुखवटा कागदाच्या लगद्याचा. दिवसा ते सोंग आम्ही पोरांनी हातात घेऊन पाहिले होते. रात्री मात्र गॅसबत्तीची हवा कमी करून उजेड मंद केला, ढोलकी थांबली, आणि नाचणारा माणूस चार पायांवर येऊन प्रेक्षकांच्या अगदी कडेकडेने, कोणाकडेही न पाहता, हळूहळू फिरला. मी आईच्या पदरात तोंड घातले. तो गावातला चांगला नाच्या होता आणि वाघाची चाल त्याने वाघापासूनच उचलली होती, असे लोक सांगत. उजेड किती ठेवायचा आणि अंगाला किती सावकाश हलू द्यायचे, एवढ्या दोन गोष्टींवर त्याचे सारे सोंग उभे होते. ‘डॉग सोल्जर्स’चे लांडगेही याच दोन गोष्टींवर उभे आहेत, आणि जिथे दिग्दर्शक त्या विसरतो तिथे ते लगेच पडतात. शेवटाकडे झटापटीच्या धांदलीत काही चौकटी अशा येतात की पूर्ण लांडगा पूर्ण उजेडात उभा राहतो. मुंडके धडाच्या मानाने स्थिर आणि खेळण्यासारखे दिसते. भाचा संपूर्ण वेळ याच क्षणाची वाट पाहत होता आणि तो आल्यावर त्याची निराशा झाली. काकाजी त्याला म्हणाले, “दिसलं म्हंजे निम्मं भेव जाते. दिसत नाई तवाच जास्त भेव रायते.”

शेतघराचा भाग मला सर्वांत जास्त आवडला. स्वयंपाकघर, जिना, वरची झोपायची खोली, मागचे दार आणि बाहेरचा गोठ्यासारखा आडोसा यांची मांडणी प्रेक्षकाच्या मनात इतकी नीट बसवली आहे, की कोण कोणत्या खिडकीशी उभा आहे आणि कोणती बाजू उघडी पडली आहे हे न सांगता कळत राहते. गोळ्या संपत येतात आणि प्रत्येक जण उरलेल्या मोजतो. जो सैनिक गाडी आणायला बाहेर जातो तो गाडीत बसतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की मागच्या आसनावर आपल्याआधीच कोणीतरी बसलेले आहे. या प्रसंगात आवाज जवळजवळ नाही. संकलन दिग्दर्शकाच्याच हातात असल्यामुळे कोणती चौकट कुठे तोडायची याचा निर्णय लिहितानाच झाला असावा, असे सारखे वाटत राहते.

जे मला पटले नाही तेही लिहितो. रायन हा खलपुरुष फार लवकर ओळखू येतो. त्याचे दल या प्राण्यांना जिवंत पकडून त्यांचा शस्त्रासारखा उपयोग करू पाहत होते आणि सहा सैनिकांना आमिष म्हणून जंगलात सोडले होते, हा उलगडा रंगवून सांगितला आहे खरा, पण भीतीची गाठ त्याने सैल होते. जे रानाचे होते ते एकाएकी कार्यालयातल्या कागदांचे होते. मेगनचे तर मोठेच नुकसान झाले आहे. अखेरीस ती स्वतःही त्याच कुटुंबातली निघते. वर्षानुवर्षे या माणसांसोबत राहिलेल्या, सुटकेची आशा सोडलेल्या बाईच्या मनात काय असेल हे पाहण्याची संधी होती; तिला दोनचार वाक्ये देऊन चित्रपट पुढे निघून जातो.

हे मला विशेष खटकले, कारण आजीकडून ऐकलेली गोष्ट माझ्या मनात पक्की बसलेली आहे. मध्य भारतातल्या रानमुलखात ती अनेक रूपांत सांगितली जाते. एका माणसाला वाघ होण्याची विद्या अवगत असते. बायको हट्ट धरते, मला एकदा दाखवा. तो तिच्या हातात मंतरलेले पाणी देतो आणि सांगतो, मी वाघ झालो की घाबरू नकोस, हे माझ्या अंगावर टाक, मी पुन्हा माणूस होईन. तो वाघ होतो. ती किंचाळते, पाणी तिच्या हातून सांडते आणि ती पळत सुटते. तो वाघ तिच्या मागे मागे येतो, खायला नव्हे, पाण्यासाठी. पण तिला ते कसे कळावे? तो जन्मभर वाघच राहतो. आजी गोष्ट इथेच थांबवायची आणि आम्ही पोरे पुढे काय झाले म्हणून तिच्या मागे लागायचो. पाश्चात्त्य चित्रपटांत लांडगेपण चाव्यातून, रोगासारखे येते. आमच्या गोष्टीत ते हौसेतून येते आणि भीतीमुळे कायम होते. माणूस आत अजून शिल्लक आहे, हे ओळखणारे कोणी नसणे यात तिचे सारे दुःख आहे.

म्हणूनच सार्जंट वेल्स मला या चित्रपटाचा खरा नायक वाटतो. शॉन पर्टवी या नटाने ही भूमिका केली आहे. सुरुवातीलाच त्याचे पोट फाडले जाते, बाहेर आलेली आतडी हाताने धरून तो धावतो, आणि शेतघरात त्याचे सहकारी ती जखम चिकटवण्याच्या गोंदाने बंद करतात. काही तासांतच त्याला बरे वाटू लागते. प्रेक्षकाला त्या बरे वाटण्याचा अर्थ कळतो, वेल्सलाही कळतो, आणि तरी तो आपल्या पोरांना शेवटपर्यंत हुकूम देत राहतो. कूपर हा त्याचा सर्वांत विश्वासाचा सैनिक. वेल्स त्याला ढकलून तळघरात उतरवतो, स्वतः वर राहतो, आणि अंगात बदल सुरू झालेला असताना स्वयंपाकाच्या गॅसने ते घर लांडग्यांसकट उडवून देतो. त्या मिनिटभरात तो माणूस आहे की लांडगा हे ठरवता येत नाही, पण त्याला स्वतःला ते ठरवता आले आहे. आजीच्या गोष्टीतल्या नवऱ्याला जी संधी मिळाली नाही ती याला मिळाली, असे मला वाटले आणि डोळे भरून आले. महागड्या चित्रपटांतले शेकडो लांडगे मला हे देऊ शकलेले नाहीत.

हा प्रसंग काकाजींनी पाहिला नाही. त्याआधीच त्यांच्या बांधीकडून डबा वाजल्याचा आवाज आला, मुलाने हाक मारली, आणि टॉर्च व काठी घेऊन ते धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, निघून गेले. डुकरांचा कळप नाल्याकडून उतरला होता. आम्हीही चित्रपट थांबवून आपल्या बाजूने डबा वाजवला, शेकोटीत दोन लाकडे घातली आणि सगळे शांत झाल्यावर उरलेला भाग पाहिला. तळघरात कूपरची गाठ लांडगा झालेल्या रायनशी पडते, आणि तंबूतल्या जोडप्यापासून चालत आलेला पत्र फोडायचा चांदीचा सुरा तिथे कामी येतो. पहिल्या दृश्यातली वस्तू शेवटच्या दृश्यात अशी परत आणणे मला कसलेल्या लेखकाचे लक्षण वाटते.

सकाळी काकाजी दातात काडी धरून आले. त्यांच्या बांधीचा एक कोपरा डुकरांनी लोळवला होता, पण त्याबद्दल ते फारसे बोलले नाहीत. चित्रपटाच्या आरंभी, विशेष दलाच्या निवडीच्या वेळी, रायन कूपरला एका कुत्र्याला विनाकारण गोळी घालायला सांगतो. कूपर नकार देतो, म्हणून त्याची निवड होत नाही. कुत्र्याला रायन स्वतः मारतो. तो प्रसंग काकाजींनी पाहिला होता, आणि पुढे शेतघरात सापडलेला दुसरा कुत्राही पाहिला होता. त्यांचा स्वतःचा जागलीचा कुत्रा गेल्या पावसाळ्यात बिबट्याने झोपडीच्या दारातून उचलून नेला. काडी बाजूला टाकून त्यांनी विचारले, “अन् त्या घरातल्या कुत्र्याचं काय झालं, गुरुजी?”

“वाचला, काकाजी. कूपर अन् तो, दोघंच बाहेर आले.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि विळा घेऊन लोळलेला धान उभा करता येतो का ते पाहायला निघाले.